मदत हवी आहे: ऐरोलीतून फिनलंडच्या वर्गाशी झूम कॉल, आवाज घुमतोय

ऐरोलीकर_शिक्षिका: दुपारच्या सत्राची शाळा, सातवीची ४२ मुलं. चाचणी कॉलमध्ये तिकडच्या बाईंना स्वतःचाच आवाज परत येत होता, मुलांचं बोलणं कळत नव्हतं, वर चित्र सारखं अडकत होतं. लॅपटॉप, प्रोजेक्टर, मागच्या भिंतीशी ब्लूटूथ स्पीकर. राउटर ऑफिसात, मध्ये दोन खोल्या. झूमचं फुकटचं खातं. आधी काय बदलू?

खाडीपलीकडचा: त्यांना त्यांचाच आवाज येतोय म्हणजे दोष तुमच्या खोलीत. ब्लूटूथवर आवाज उशिरा वाजतो, मग तो लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरतो आणि झूमला तो नीट गाळता येत नाही. ब्लूटूथ काढाच. यूएसबी स्पीकरफोन घ्या, त्यात माइक-स्पीकर एकत्र असतात आणि प्रतिध्वनी तिथेच कापला जातो. झूमच्या सेटिंगमध्ये माइक आणि स्पीकर, दोन्हीकडे तोच निवडा. पुष्कळ जण एकच बदलतात आणि मग स्पीकरफोनला नावं ठेवतात.

स्पीकरफोन पुढच्या बाकावर ठेवा. प्रश्न विचारणारं मूल उठून तिथे, हातभर अंतरावर यायला हवं. जागेवरून ओरडलं की पलीकडे नुसता गोंगाट. वरचा पंखा बंद. ऑक्टोबरात मुलं कुरकुरतील, इलाज नाही. खोलीत दुसरं कुणी मोबाइलवरून जोडलेलं असेल तर त्याचा माइक-स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर शिट्टी वाजते.

घणसोली_नोड: चित्र अडकतं ते बहुधा अपलोडमुळे, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या डेटाच्या वेगामुळे; लोक डाउनलोडच बघत बसतात. ७२०पी (एचडी) चित्रासाठी साधारण ३ एमबीपीएस अपलोड मोकळा हवा. स्पीड टेस्ट वर्गातूनच, कॉलच्याच वेळेला करा. ऑफिसचे सीसीटीव्ही क्लाउडवर जात असतील तर तेही अपलोड खातात. राउटरपासून वर्गापर्यंत कॅट ६ (नेटवर्कची) केबल ओढा, १०० मीटरपर्यंत चालते. ४० मिनिटांनी फुकटची मीटिंग तुटेल. त्यांच्या शाळेचं पैसे भरलेलं खातं असेल तर मीटिंग त्यांनाच उघडू द्या.

ऐरोलीकर_शिक्षिका: धन्यवाद! वेळ कायमची दुपारी १:३० ठरवली तर?

घणसोली_नोड: कायमची नको. हिवाळ्यात तेव्हा तिकडे सकाळचे १०. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर पुढे जातं, मग त्यांचे १० म्हणजे तुमचे १२:३०, ऐन शाळा भरायच्या वेळेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पूर्ववत. कॅलेंडरचं आमंत्रण हेलसिंकीच्या वेळेत बनवा.

ऐरोलीकर_शिक्षिका: आणि कॅमेरा?

खाडीपलीकडचा: सगळ्यात शेवटी. घेतलात तर यूएसबी वायर ५ मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे रिपीटरवाली (सिग्नल पुन्हा जोरात करणारी) लागते. आणि रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी दोन्हीकडच्या पालकांची लेखी परवानगी.