रोबो व्हॅक्यूमचा नकाशा तिरका होतोय, चार्जिंगच्या डॉकवरही परत जात नाही. मदत हवी आहे

नमस्कार. घरातला रोबो व्हॅक्यूम क्लीनर काही आठवड्यांपासून विचित्र वागतोय आणि मला सुचले ते सगळे उपाय करून झाले आहेत. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

यंत्र लेझरवालं आहे, वर फिरणारी गोल टोपी असते तसलं. फरशी पुसायची सोयही आहे, पण पाण्याची टाकी सध्या काढून ठेवली आहे. वॉरंटी संपली आहे. आतापर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

आता होतं असं: डॉकवरून निघतो तेव्हा सगळं ठीक असतं. बाहेरच्या खोल्या नीट झाडतो. आतल्या खोलीत जाड गालिचा आहे, त्यावर चढला की थोड्या वेळात अ‍ॅपमधला नकाशा कलायला लागतो. एकच भिंत दोनदा उमटते, एक जुनी सरळ आणि तिला छेदून जाणारी नवी तिरकी. कधी खोलीच्या मधोमध, जिथे काहीच नाही, तिथे भिंत दाखवतो. मी अ‍ॅपमध्ये आखलेले नो-गो झोन, म्हणजे त्याने जाऊ नये अशा जागा, त्यामुळे भलत्याच जागी पडतात आणि तो नेमका वायरींच्या गुंत्यात शिरतो. शेवटी परत निघतो, पण पॅसेजमध्ये डॉकपासून थोडा लांब थांबून गोल गोल फिरतो आणि ‘डॉक सापडत नाही’ असं सांगून गप्प होतो.

आईला धुळीची अ‍ॅलर्जी आहे आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला वाकता येत नाही. दिवसभर ती एकटी असते. रोबो पलंगाखाली किंवा पॅसेजमध्ये अडकून बसला तर तो उचलून डॉकवर ठेवणं तिला शक्य नाही, आणि ती प्रयत्न करायला जाईल याचीच मला जास्त काळजी वाटते.

आतापर्यंत केलेलं: मुख्य ब्रश, साइड ब्रश, फिल्टर साफ केले. खालचे सेन्सर कोरड्या मऊ कापडाने पुसले. यंत्र बंद-चालू केलं, जुना नकाशा पुसून नवा बनवला. सॉफ्टवेअर ताजं आहे. सर्व्हिस सेंटरने फोनवरच सांगितलं की मेनबोर्ड गेला असणार, यंत्र पाठवून द्या. न बघता बोर्डाचं निदान मला पटत नाहीये.

बोर्ड बदलण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावं. ‘नवीन घ्या’ हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १

तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं काम झालंच आहे. बोर्डाबद्दलची तुमची शंका मला रास्त वाटते. बोर्ड बिघडला असता तर तो बाहेरच्या खोल्यांत शहाण्यासारखा आणि गालिच्यावरच वेड्यासारखा वागला नसता.

आधी हे यंत्र स्वतःची जागा कशी ओळखतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची तपासणी त्यावरच आहे. त्याच्याकडे तीन साक्षीदार असतात. वरचा लेझर, जो बऱ्याच मॉडेलमध्ये सेकंदाला साधारण ५ वेळा गोल फिरून भिंतींची अंतरं मोजतो. चाकांमधले एन्कोडर, जे चाक किती फिरलं ते मोजतात. आणि जायरोस्कोप, जो यंत्र किती वळलं ते सांगतो. तिघांची साक्ष जुळवून ‘मी इथे आहे’ असं ठरतं. लेझर पूर्ण बंद पडला तर बहुतेक यंत्रं सरळ एरर देऊन थांबतात. नकाशा हळूहळू कलतो तेव्हा माझा पहिला संशय चाकांवर असतो. चाक घसरलं की एन्कोडर म्हणतो ‘एवढं पुढे आलो’ आणि प्रत्यक्षात यंत्र तिथे पोचलेलं नसतं. लेझर अशा चुका सुधारत राहतो, पण चाक सतत घसरत असेल तर त्यालाही मर्यादा आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. गालिच्याच्या खोलीचं दार बंद करून एकदा पूर्ण सफाई करू द्या आणि नकाशा सरळ राहतो का ते बघा. नंतर यंत्र बंद करून उलटं करा. पुढचं छोटं चाक बऱ्याच यंत्रांत नुसतं ओढून निघतं. ते काढा आणि त्याचा दांडा बघा. तिथे केस इतके घट्ट बसतात की वरून बघून कळतच नाही. मग दोन्ही मोठी चाकं हाताने फिरवा, आणि एकेक चाक आत दाबून सोडा. दोन्ही सारख्याच जोराने बाहेर येतात का? हे शेवटचं नक्की बघा.

अजून एक विचारायचं होतं: नकाशा नेहमी एकाच बाजूला कलतो का?

प्रतिसाद २

गालिचा गडद रंगाचा आहे का? खालच्या कडेला जे सेन्सर असतात ते इन्फ्रारेड किरण जमिनीवर टाकून परत येतात का ते बघतात. परत आले नाहीत तर पुढे खड्डा किंवा पायरी आहे असं समजून यंत्र मागे सरतं. काळा रंग हे किरण शोषून घेतो, त्यामुळे काळ्या गालिच्यावर यंत्र अडतं. आमच्याकडे त्या सेन्सरवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि प्रश्न मिटला.

आणि खोलीत जमिनीपर्यंत आरसा असेल तर तोही बघा. लेझरला आरशात पलीकडे आणखी एक खोली दिसते आणि तो ती नकाशात काढून टाकतो.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादातली कागदाची पट्टी कृपया कोणी लावू नका, निदान घरात जिना किंवा एखादी जरी पायरी असेल तर नाहीच. तो सेन्सर झाकला की यंत्राला कडा ओळखताच येत नाही. चारेक किलोचं यंत्र जिन्यावरून खाली आलं आणि खाली कोणी असलं तर? इथे तर घरात ऑपरेशन झालेल्या आई आहेत. काळा गालिचा अडवत असेल तर तो गुंडाळून बाजूला ठेवावा किंवा तेवढा भाग अ‍ॅपमध्ये वगळावा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बसून तपासलं.

गालिचा फिकट राखाडी आहे आणि त्यावर तो कधी अडून राहिलेला नाही, म्हणजे तो प्रश्न नसावा. घरात जिना आहे, त्यामुळे पट्टी नाहीच लावणार. आरसा आहे, पण बाहेरच्या खोलीत, आणि तिथला नकाशा ठीक येतो.

दार बंद करून चालवला तर नकाशा शेवटपर्यंत सरळ राहिला! डॉकही सापडला, फक्त दुसऱ्या प्रयत्नात.

पुढचं छोटं चाक काढलं. दांड्यावर केसांचं आणि दोऱ्यांचं घट्ट कडं झालं होतं, कात्रीने कापून काढावं लागलं. त्यानंतर गालिच्यावर चालवून बघितला. कल कमी झाला, पण गेला नाही. आणि हो, कल नेहमी एकाच दिशेला असतो.

मोठी चाकं दोन्ही मोकळी फिरतात. पण डावं चाक दाबून सोडलं की सावकाश बाहेर येतं, आणि उजव्याइतकं बाहेर येतही नाही. हेच कारण असेल का?

प्रतिसाद १

बहुतेक सापडलं. त्या चाकाचा हात, म्हणजे चाक धरणारा दांडा, एका खिळीवर वरखाली होतो आणि स्प्रिंग त्याला सतत खाली ढकलते. फरशीवर स्प्रिंग थोडी कमजोर असली तरी फारसं बिघडत नाही, कारण यंत्राचं वजनच चाक टेकवून ठेवतं. जाड गालिच्यावर मात्र चाकाला खाली रुतून पकड घ्यावी लागते. डावं चाक पुरेसं खाली येत नसेल तर ते घसरणार, आणि यंत्र कायम एकाच बाजूला ओढलं जाणार.

दुसरंही एक होतं, आणि तुमच्या मधोमध उगवणाऱ्या भिंतीचा उलगडा मला त्यातच दिसतो. लेझर जमिनीला समांतर, साधारण ९ सेंटीमीटर उंचीवर फिरतो. यंत्र एका बाजूला फक्त २ अंश कललं तरी त्या बाजूचा किरण अडीच मीटरवर जमिनीला टेकतो. यंत्राला वाटतं, तिथे भिंत आहे. गालिचा जाड, डावी बाजू खचलेली, म्हणजे खोलीच्या मध्यावर खोटी भिंत. मग खऱ्या भिंती आणि ही खोटी भिंत यांचा मेळ घालायला तो अख्खा नकाशाच फिरवतो.

पहिल्या पिढीच्या यंत्रांना हा त्रास नव्हता. २००२ चा रूंबा नकाशा काढतच नसे, धडकला की दिशा बदलायची एवढंच. घरगुती यंत्रात लेझरचा नकाशा २०१० च्या नीटो एक्सव्ही-११ पासून आला. नकाशाचा फायदा इतका मोठा आहे की त्यासाठी चाकं जपणं परवडतं.

खात्रीसाठी एक चाचणी करा. अ‍ॅपमध्ये रिमोटसारखं हाताने चालवायची सोय असेल तर यंत्र फरशीच्या सांध्यावर ठेवा आणि सरळ पुढे न्या. मग तेच गालिच्यावर, कडेला समांतर ठेवून. गालिच्यावर डावीकडे ओढलं गेलं आणि फरशीवर नाही, तर निदान पक्कं.

प्रतिसाद ४

मी अशी छोटी यंत्रं दुरुस्त करतो, म्हणून थोडं. चाकाचा सेट बऱ्याच मॉडेलमध्ये वेगळा मिळतो. काही स्क्रू आणि एक कनेक्टर, बोर्डाला हात लावायची गरज नसते. डावा आणि उजवा सेट वेगळे असतात, मागवताना नीट बघा.

पण आधी विकत काही घेऊ नका. चाक पूर्ण बाहेर ओढून धरा आणि टॉर्चच्या उजेडात हात जिथे अडकवलेला असतो ती खाच बघा. स्प्रिंग निघालेली असू शकते, पण माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत बहुतेक वेळा तिथे धूळ आणि केस दाबून दाबून घट्ट गोळा झालेला असतो. चिमट्याने काढा. तेल, ग्रीस, स्प्रे यातलं काहीही घालू नका, त्यावर धूळ दुप्पट बसते. उघडायची वेळ आलीच तर आधी बॅटरी काढा, आणि लिथियमच्या बॅटरीला टोकदार काही लागू देऊ नका.

डॉकचं वेगळं सांगतो. परत येताना यंत्र आधी नकाशावरून डॉकच्या जवळ येतं आणि तिथून पुढे डॉकमधून निघणारा इन्फ्रारेड सिग्नल पकडून आत शिरतं. नकाशा कललेला असेल तर ते चुकीच्या जागी उभं राहून सिग्नल शोधत बसतं, म्हणून तुमचे दोन्ही त्रास एकत्र सुरू झाले. पण आता नकाशा सरळ असतानाही दुसऱ्या प्रयत्नात सापडला म्हणताय, तर डॉकही तपासाच. त्याच्या पुढची काळसर काच पुसा. फोनचा पुढचा कॅमेरा तिच्यासमोर धरला तर बहुतेक फोनवर जांभळट ठिपका दिसतो, म्हणजे सिग्नल चालू आहे. चार्जिंगच्या पट्ट्या दोन्हीकडच्या कोरड्या कापडाने पुसा. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर मोकळं हवं. डॉकवर थेट ऊन येत असेल तर सिग्नल उन्हात हरवतो.

प्रतिसाद २

पट्टीबद्दल जिन्याचा मुद्दा बरोबर आहे, आमचं घर एका पातळीत आहे म्हणून चाललं. बाकी वाचून मीही आमच्या यंत्राचं छोटं चाक आज काढून बघणार आहे.

धागाकर्ती

काम झालं, म्हणून सगळं लिहून ठेवते. पुढे कोणाला हाच त्रास झाला तर उपयोग होईल.

आधी चाचणी केली. फरशीच्या सांध्यावरून रेघ ओढल्यासारखा सरळ गेला. गालिच्यावर थोड्याच अंतरात डावीकडे वळला, अगदी डोळ्यांना दिसेल इतका. मग टॉर्च घेऊन चाकाच्या वरची खाच बघितली. स्प्रिंग जागेवर होती, पण हाताच्या खिळीजवळ नमद्यासारखा दाबलेला राखाडी गोळा होता. चिमट्याने तुकडे तुकडे करून काढला. त्यानंतर डावं चाक उजव्यासारखंच खटकन बाहेर येतं. उजव्या बाजूलाही थोडा होता, तोही काढला.

नवा नकाशा बनवला. आतल्या खोलीच्या भिंती सरळ आल्या, मधली खोटी भिंत नाहीशी झाली. गालिच्यावर मुद्दाम लागोपाठ फेऱ्या घेतल्या, तरी कललेला नाही.

डॉकची काच आणि पट्ट्या पुसल्या, सिग्नलचा ठिपकाही फोनवर दिसला. पण उन्हाचं निरीक्षण अचूक निघालं. डॉक गॅलरीच्या दारासमोर आहे आणि सकाळी त्यावर सरळ ऊन पडतं. आता तो पॅसेजच्या आतल्या भिंतीला लावला आहे आणि मागे सरकू नये म्हणून खाली दुहेरी टेप लावली. पहिल्याच प्रयत्नात आत शिरतोय.

सर्व्हिस सेंटरला यंत्र पाठवत नाही असं कळवलं. आईला अ‍ॅपमध्ये फक्त ‘थांब’ आणि ‘डॉकवर जा’ ही दोन बटणं दाखवून ठेवली आहेत, त्यामुळे तिला उठावंही लागत नाही. प्रतिसाद १ आणि ४, तुम्ही दोघांनी वेळ काढून इतकं समजावून सांगितलं, त्याबद्दल खरंच ऋणी आहे.

एकच विचारायचं राहिलं: ही खाच किती दिवसांनी बघत जाऊ?

प्रतिसाद ४

गालिचा आणि लांब केस दोन्ही घरात असतील तर पुढचं छोटं चाक महिन्यातून एकदा, खाच तीनेक महिन्यांतून एकदा पुरे. रोज तपासायची गरज नाही, चाक दाबून सोडलं की कळतंच. आणि अ‍ॅपमध्ये नकाशाचा बॅकअप घ्यायची सोय असेल तर आत्ताच घ्या. पुढे कधी कलला तर खोल्या आणि नो-गो झोन परत आखत बसायला नको.