मदत हवी आहे: नळाच्या पाण्याचा विषय नगरपरिषदेत मांडला, आता पुढे कसं जावं?

नमस्कार मंडळी,

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या नगरपरिषदेची सदस्य आहे. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आले. त्याआधी प्रशासक होते, त्यामुळे सभागृहाचं कामकाज कसं चालतं हे सांगणारं जुनं माणूस आमच्यात जवळजवळ नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझ्या प्रभागात ओढ्याच्या बाजूला ज्या गल्ल्या आहेत, तिथे घरटी काविळीचे रुग्ण निघू लागलेत. त्यात सातवा महिना लागलेली एक मुलगी आहे, तिची मला फार काळजी वाटते. पाणी एक दिवसाआड, तासभर येतं. सुरुवातीचं पाणी गढूळ असतं, कधी वासही मारतो. नळजोडण्यांचे पाइप उघड्या गटारातून गेलेत, काही ठिकाणी सांध्याला कापड गुंडाळलेलं मी स्वतः पाहिलं. वरच्या आळीत असं काही नाही. टाकी एकच, पाणी तेच.

हा विषय मी सर्वसाधारण सभेत मांडला. उत्तर मिळालं की प्रयोगशाळेचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आहे. अहवाल मागून पाहिला, तर नमुना जलकुंभाच्या खालच्या नळाचा! ओढ्याकडच्या एकाही घरातला नाही. मी हे बोलून दाखवल्यावर चर्चा तिथेच थांबली आणि पुढचा विषय घेतला. नंतर दोघातिघांनी बाजूला घेऊन सांगितलं, ताई, जत्रा तोंडावर आली आहे, गावाची बदनामी होईल, व्यापारी नाराज होतील.

मला बदनामी करायची नाही. पण इचलकरंजीत 2012 साली काविळीने काय झालं ते आमच्या भागातली माणसं विसरलेली नाहीत. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले, तेव्हाही संशय पाण्याकडेच गेला होता. माणसं दगावल्यावर पाहणी करायला यायचं, हे मला बघायचं नाही.

तर मला हे विचारायचंय. नमुना कुठून आणि कसा घ्यावा म्हणजे तो कुणाला झटकून टाकता येणार नाही? माझं म्हणणं इतिवृत्तात यावं म्हणून काय करू? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, घबराट न पसरवता लोकांना काय सांगू? पोरं म्हणतात पत्रकारांना बोलवा. मला भीती वाटते की नळाचं पाणी सोडून लोक ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवर जातील, आणि ती तर त्याहून वाईट.

जाता जाता, शाळेच्या कोपऱ्यावर विजेची एक डीपी (वाटपाची पेटी) कायम उघडी असते, पोरांच्या हाताला लागेल अशी. त्याबद्दल कुणाकडे जायचं, तेही सांगा.

कृष्णाकाठ

ताई, मी पाणीपुरवठ्यात नोकरी करून निवृत्त झालोय. टाकीखालचा नमुना खोटा नसतो, पण तो टाकीपुरताच खरा असतो. तुमचा घोटाळा टाकीच्या पुढे आहे. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आणि फुटक्या सांध्यातून गटारातलं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ सुटला की तेच आधी येतं. त्यात लोकांनी थेट नळाला मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. तुमच्याकडे मोटरी आहेत का ते आधी बघा.

उद्यापासून एक करा, पैसे लागत नाहीत. व्हॉल्वमनला बरोबर घ्या. क्लोरीन तपासायची ओटीची बाटली नगरपरिषदेत असते. पाणी सुटल्यावर वरच्या आळीत, मधे आणि ओढ्याकडच्या शेवटच्या घरात ओटी टेस्ट घ्या. ते रसायन हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी लगेच ओतून द्या. वर पिवळा रंग आला आणि खाली काहीच आला नाही, तर मधल्या टप्प्यात घाण आत येऊन क्लोरीन खाते आहे असं समजा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन पाहिजे, विषाणूंचा धोका असेल तेव्हा 0.5. आणि टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, कुठे ठेवतात तेही बघून या. नव्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, पण ओलसर खोलीत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात फार दम उरत नाही.

जंतूंच्या तपासणीसाठी घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्या. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते धुऊन टाकू नका. एक नमुना पाणी सुटल्या सुटल्या, दुसरा थोडं वाहू दिल्यावर. बर्फात ठेवून त्याच दिवशी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पोचवा. मुख्य म्हणजे नमुना एकटीने घेऊ नका. आरोग्य निरीक्षक, व्हॉल्वमन आणि घरमालक यांच्या सह्यांचा पंचनामा तिथल्या तिथे करा, वेळ आणि घर क्रमांक लिहून.

रानवाट

मी तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर आहे. एक गोष्ट तुमच्या सभागृहात कुणीतरी ठणकावून सांगायला हवी: पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, दूषित पाणी प्यायल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. आजचे रुग्ण महिनाभरापूर्वीच्या पाण्याचे आहेत. म्हणून आजचा नमुना चांगला आला तरी तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही.

त्या मुलीला आजच्या आज तपासणीला न्या, हे सगळ्यात आधी. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. कावीळ झालेली नसली तरी तिने उकळलेलंच पाणी प्यायचं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, झापड आली तर झाडपाल्याच्या औषधात वेळ घालवू नका, मोठ्या रुग्णालयात हलवा.

रुग्णांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या. त्यांनी ती एकात्मिक रोग सर्वेक्षणाखाली जिल्ह्याला कळवायची असते. यादीत नाव, वय याबरोबर कावीळ दिसल्याची तारीख आणि घराला कोणत्या व्हॉल्वचं पाणी येतं ते लिहा. बहुतेक रुग्ण एकाच व्हॉल्वखाली निघाले तर कुठे खोदायचं ते तुम्हालाच कळेल. ही यादी मात्र व्हॉट्सअॅपवर फिरू देऊ नका, रुग्णांची नावं आहेत.

लोकांना सांगायला साधी वाक्यं: पाणी खळखळून उकळून प्या, सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका, विहिरीचं पाणीही न उकळता पिऊ नका, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. आशाताईंना घरोघर पाठवा. काय करायचं ते सांगितलं की घबराट होत नाही, लपवल्यावर होते.

पारावरून

कागदाचं सांगतो. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही. सभेआधी मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांना पत्र द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि विषय विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. सभेत ते पत्र वाचा आणि इतिवृत्ताला जोडायची मागणी करा. मागचं इतिवृत्त कायम करताना तुमचं म्हणणं गाळलेलं दिसलं तर तिथेच लेखी हरकत द्या.

पत्रात आरोप नकोत, मागण्या असू द्या: या गल्ल्यांत नमुने घ्या, गटारातल्या जोडण्या बाहेर काढा, दुरुस्ती होईपर्यंत टँकरचं क्लोरीन घातलेलं पाणी द्या. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 49 खाली बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, त्याचा उल्लेख करा. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर रतलाम नगरपालिकेच्या खटल्यातला 1980 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. निधी नाही म्हणून नगरपालिकेला लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टाळता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तो खटला उघडी गटारं आणि घाणीचाच होता. कुणीच हललं नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. पूर्वी ते फौजदारी संहितेचं कलम 133 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 152.

माहिती अधिकारात वर्षभराचे अहवाल नमुन्याच्या ठिकाणासह मागा, शिवाय टीसीएलची साठा नोंदवही आणि गळती दुरुस्तीच्या नोंदी. जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी लागते, अर्जात तसं स्पष्ट लिहा.

डीपीसाठी वीज कंपनीच्या उपअभियंत्याला फोटोसह पत्र आणि प्रत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांना. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही पत्रावर असू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला आज जिल्हा रुग्णालयात नेलं, रक्त घेतलंय. ओटी टेस्टही झाली. वरच्या आळीत पिवळा रंग आला, शेवटच्या तीन घरांत अजिबात नाही. व्हॉल्वमनने स्वतः सही केली. कृष्णाकाठ काका, मोटरी आहेत, जवळजवळ प्रत्येक घरात. त्या काढा म्हटलं तर पाणी चढत नाही म्हणतात, आणि ते खरंही आहे. यावर काय करता येईल?

कृष्णाकाठ

ताई, आधी मोटरी काढायला लावू नका, लोक तुमच्यावरच उलटतील. त्या गल्ल्यांची वेळ वेगळी करायला सांगा: वरचे व्हॉल्व बंद ठेवून आधी खालच्या भागाला पाणी सोडायचं. दाब वाढला की मोटरीची गरज कमी होते, आणि दाबाखाली सांधा बाहेर गळतो, म्हणजे गळती कुठे आहे तेही दिसतं. गटारातल्या जोडण्या वर घेतल्याशिवाय हे कायमचं सुटणार नाही, पण वेळ बदलण्याचं काम मुख्याधिकाऱ्यांच्या एका आदेशाने उद्या होऊ शकतं. पत्रात ही मागणी पहिली घाला.