वैशाखातल्या पायवाटांवर काय दिसले?

बेळगाव-खानापूर भागातील सर्वांना विनंती आहे की, एप्रिल-मे महिन्यांत फिरताना पाहिलेली रानझाडे आणि लहान प्राणी यांविषयी येथे लिहावे, आणि घरात रुळलेले नाव अवश्य द्यावे. सुरुवात मी करतो. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत एका आंब्यावर ओंबिलांचे फाटलेले घरटे दिसले. काही तांबड्या मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरून होत्या आणि इतर मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून, त्यांच्या रेशमाने ती फट सांधत होत्या. मी तासभर तेथून हललो नाही.

येळ्ळूर : राजहंसगडाच्या उतारावर सकाळी नऊच्या सुमारास एक सरडा दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडझाप करत होता. हा विणीचा काळ असल्याने नर असे रंग दाखवतात. एरवी तो मातीत मिसळून जातो.

जांबोटी : आमच्याकडे सध्या कुडा फुलला आहे. फुले दोन्ही कुड्यांची पांढरीच असल्याने नवख्याची फसगत होते, म्हणून आजीने शिकवलेली खूण सांगते : जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी जुळलेल्या असतील तर तो काळा कुडा, सुट्या लोंबत असतील तर पांढरा. पोटाच्या तक्रारीवर साल वापरतात ती पांढऱ्याची, त्यामुळे ही ओळख आमच्या घरी फार काटेकोरपणे करून घेतली जाई.

खानापूर : भीमगडच्या बाजूला शेकरू पाहिले. डोक्यावरून उडी मारून गेले, एवढेच.

कणकुंबी : लहानपणी ज्या जाळीतील करवंदे आम्ही पळसाच्या पानांच्या द्रोणात भरून आणत होतो, ती गेल्या वर्षी कोणीतरी लावलेल्या वणव्यात जळाली. मला अतिशय वाईट वाटले, कारण त्या काटेरी जाळीच्या आडोशाला ससे राहत आणि बुलबुल घरटी बांधत. परवा मुद्दाम तेथे गेलो, तेव्हा काळ्या पडलेल्या बुंध्याच्या तळातून बोटभर उंचीचे पाच तांबूस कोंब आलेले होते. एक खुडला, तर पांढरा चीक बोटाला चिकटला.