मदत हवी आहे: टायटॅनियमवरचा नॅनोट्यूबचा थर सुटतोय

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी टायटॅनियमच्या पत्र्यावर अ‍ॅनोडायझिंग करून (द्रावणात बुडवून, वीज देऊन) टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोट्यूब, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, वाढवतेय. हाड नीट धरावं आणि जंतू चिकटू नयेत, अशा इम्प्लांटच्या (हाडात बसवायच्या कृत्रिम भागाच्या) दृष्टीने.

इथिलीन ग्लायकॉल, अमोनियम फ्लोराइड, थोडं पाणी, 60 व्होल्ट. नळ्या सुरेख येतात, पण धुऊन वाळवलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो. 450 अंशांवर भट्टीत ठेवल्यावर तर विचारूच नका! हाडात ठोकताना असा थर टिकेल कसा? पाण्यातल्या हायड्रोफ्लुओरिक आम्लात 20 व्होल्टला आखूड नळ्या येतात आणि त्या घट्ट बसतात म्हणे. पण ते आम्ल हाताळायची भीती वाटते. ग्लायकॉलमध्येच वेळ कमी करून कोणी थर टिकवलाय का?

दुसरा गोंधळ नळ्यांच्या व्यासाचा. काही संशोधक म्हणतात, पेशींना 15 नॅनोमीटर मानवतं, तर काही 70 ते 100 सांगतात. व्होल्टेज वाढवलं की व्यास वाढतो, म्हणजे कुठेतरी ठरवावंच लागणार.

आणि जंतूंचं काय? सिकाडा किड्याच्या पंखावरचे सूक्ष्म खांब जंतूंना फाडतात हे 2012 मध्ये दाखवलं गेलं, पण तो जंतू स्यूडोमोनास होता, पातळ भिंतीचा. इम्प्लांटला छळतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, जाड भिंतीचा. शिवाय मेलेले जंतू तिथेच साचून नव्यांना गादी होतात ना? पृष्ठभागाच्या नुसत्या रचनेवर भागतं, की जंतू मारायला नळ्यांत चांदी किंवा जस्त भरावंच लागतं?

ज्यांनी स्वतः हात घातलाय त्यांनी सांगा. गाइड सर म्हणतात, "करून बघ." पत्रे संपत आलेत.