मदत हवी आहे: वहिनी निवडणुकीत, मी सरकारी नोकरीत

मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. वहिनी महापालिकेला पक्षाच्या तिकिटावर उभी राहतेय. लालबागच्या चाळीत आम्ही सगळे एकत्र राहतो, आणि भाडेपावती माझ्या नावावर आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 5 वाचला. पक्षाचं सदस्यत्व नाही, प्रचार नाही, मत द्यायचं पण कुणाला ते कळू द्यायचं नाही, एवढं स्पष्ट आहे. मतदान प्रतिनिधी होणार नाही, सूचक म्हणून सहीही करणार नाही, तेव्हा त्याबद्दल सांगू नका.

घोडं अडलंय ते चिन्हावर. अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं तरी तो वजन वापरल्याचा प्रकार ठरतो. कार्यकर्त्यांनी तर गॅलरीच्या कठड्याला झेंडा बांधूनसुद्धा टाकलाय! आस्थापना शाखेत विचारलं, तर "काढून टाका, कशाला झंझट" एवढंच तोंडी उत्तर. लेखी काही नाही. काढायला हरकत नाही हो, पण उमेदवाराच्याच घरावर झेंडा नाही म्हटल्यावर घरात महाभारत होईल.

उमेदवार आणि कर्मचारी एकाच घरात राहत असतील तर झेंड्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर येते का? यावर एखादा शासन निर्णय किंवा परिपत्रक आहे का? आणि वहिनीच्या उमेदवारीची माहिती मी कार्यालयाला आधीच लेखी द्यावी का?