मदत हवी आहे : किडनीत गाठ, पण क्रिएटिनिन नॉर्मल?

घाईघाई :
बाबांच्या पोटाच्या सोनोग्राफीत अचानक गाठ दिसली. दुखत नाही, लघवीत रक्त नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ०.९. तरी डॉक्टर म्हणतात कॅन्सरच असावा, अख्खी किडनी काढू. बायॉप्सीसुद्धा नाही! किडनी नीट चालतेय तर कॅन्सर कसा? परवा होकार कळवायचाय, प्लीज लवकर सांगा.

जुनंखोड :
गाठ केवढी? वय? सीटी झाला का? एवढं तरी लिहा की.

बोलघेवडा :
माझ्या मामांनाही ऑपरेशन सांगितलं होतं. रोज चार लिटर पाणी प्यायले, महिन्यात पडून गेला.

जुनंखोड :
तो खडा हो. इथे गाठ आहे.

घाईघाई :
साडेतीन सेंमी. ६१ वर्षं. सीटी झालाय, लिहायचं राहिलं. 'एनहान्सिंग मास' म्हणजे काय?

निशाचर :
शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर गाठ उजळली, म्हणजे तिला रक्तपुरवठा आहे. नुसत्या पाण्याच्या गाठीचं तसं होत नाही.
क्रिएटिनिनचं म्हणाल तर, एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात, त्यातलं दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं, बाकी परत शोषलं जातं. एका कोपऱ्यात गाठ असली तरी उरलेले नेफ्रॉन काम उरकतात. गाळण्याचं काम कसं चाललंय एवढंच क्रिएटिनिन सांगतं, गाठीबद्दल काही नाही.

सावधान :
बायॉप्सी नाही केली तेच बरं. सुई लागली की पसरतो.

निशाचर :
तसं फार क्वचित होतं. सीटीवरून काढायचं ठरलंच असेल तर बायॉप्सीने निर्णय बदलत नाही, म्हणून टाळतात. पण एवढ्या लहान गाठी सगळ्याच कॅन्सरच्या नसतात, तेव्हा शंका असेल तर करतातही. आणि ४ सेंमीच्या आतली गाठ शक्यतो तेवढीच कापून किडनी वाचवतात. अख्खी का, हे विचारा.

बोलघेवडा :
डायलिसिसला घाबरू नका, आठवड्यातून तीनदाच असतं.

जुनंखोड :
डायलिसिस कुठून आलं मध्येच? दुसरी किडनी चांगली असेल तर एकीवरही माणूस नीट जगतो. दाते जगतातच की.

घाईघाई :
रिपोर्टमध्ये 'मधोमध, मुख्य रक्तवाहिनीला लागून' असं आहे. हे आधी लिहायला हवं होतं का?

निशाचर :
हो!! मग त्यामुळेच अख्खी म्हणत असतील. तरी सीटीची सीडी घेऊन आणखी एका यूरॉलॉजिस्टला दाखवा, परवाच्या आत.