एसपीआय सुधारतो आहे, पण काम मागे पडते आहे: हे कसे?

प्रश्न

जुन्या प्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत हलवण्याच्या एका प्रकल्पाचे मासिक अहवाल मी तयार करतो. मुदत १० महिन्यांची आहे आणि बेसलाइनमधील (मूळ ठरलेल्या योजनेतील) एकूण अंदाज ६,००० मनुष्यतासांचा आहे. पैशांऐवजी आम्ही सर्व मोजमाप तासांतच करतो. सातव्या महिन्याअखेर नियोजित मूल्य (पीव्ही, म्हणजे तोवर व्हायला हवे असलेले काम) ४,९०० आणि अर्जित मूल्य (ईव्ही, म्हणजे खरोखर झालेले काम) ४,४८० होते, म्हणजे एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक, ईव्ही भागिले पीव्ही) ०.९१. आठव्या महिन्याअखेर पीव्ही ५,४००, ईव्ही ५,००० आणि प्रत्यक्ष लागलेले तास ५,५०० आहेत, म्हणजे एसपीआय ०.९३ आणि सीपीआय (खर्चाचा निर्देशांक, ईव्ही भागिले प्रत्यक्ष लागलेले तास) ०.९१. वरिष्ठांनी आकडा वर गेलेला पाहून समाधान व्यक्त केले. प्रत्यक्ष काम करणारे सहकारी मात्र गेल्या महिन्यापेक्षा आपण अधिक मागे पडलो आहोत, असे ठामपणे सांगतात. माझ्या गणितात चूक आहे, की मी चुकीचा आकडा पाहतो आहे?

उत्तर १

गणित बरोबर आहे. दोष एसपीआयच्या घडणीत आहे. ईव्ही भागिले पीव्ही असे हे गुणोत्तर असल्यामुळे आणि बेसलाइनची मुदत संपली की पीव्ही ६,००० वर थांबत असल्यामुळे, काम दोन महिने उशिरा संपले काय किंवा वर्षभर उशिरा संपले काय, शेवटच्या दिवशी एसपीआय १ वरच येऊन टेकतो. प्रकल्पाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात तर तो जवळजवळ आपोआप सुधारत जातो, कारण नियोजनाचा वक्र तिथे सपाट होत आलेला असतो.

यावर उपाय म्हणून वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये अर्जित कालावधीची, म्हणजे अर्न्ड शेड्यूलची पद्धत मांडली. आजवर झालेले काम नियोजनानुसार कधी व्हायला हवे होते, एवढाच प्रश्न ती विचारते. सहाव्या महिन्याअखेर तुमची पीव्ही किती होती, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती ४,२०० च्या आसपास असावी असे धरतो. मग सातव्या महिन्यातील ४,४८० हे काम ६.४ महिन्यांचे ठरते, कारण त्या महिन्यात नियोजित ७०० तासांपैकी २८० तासांचेच काम पदरात पडले होते. आठव्या महिन्यातील ५,००० हे काम त्याच रीतीने ७.२ महिन्यांचे ठरते. याचा अर्थ पिछाडी ०.६ महिन्यांवरून ०.८ महिन्यांवर गेली आणि कालाधारित एसपीआय (अर्जित कालावधी भागिले सरलेले महिने) ०.९१ वरून ०.९० वर उतरला. तुमचे सहकारी बरोबर सांगत आहेत.

याच वेगाने काम चालले तर दहाला ०.९० ने भागून सुमारे ११.१ महिने लागतील आणि सीपीआय असाच राहिला तर एकूण तास ६,६०० होतील. ६,००० तासांतच काम आटोपण्याचा आग्रह कोणी धरला, तर टीसीपीआय (उरलेल्या तासांत उरलेले काम संपवायला लागणारी कार्यक्षमता) काढून दाखवा: उरलेले काम १,००० तासांचे, शिल्लक तास ५००, म्हणजे यापुढच्या प्रत्येक तासात दोन तासांचे काम झाले पाहिजे. आठ महिन्यांत ज्या गटाने तासाला ०.९१ तासांचे काम केले, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे निव्वळ अव्यवहार्य आहे.

उत्तर २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु ईव्हीचे ५,००० तास आले कुठून, हे तपासल्याशिवाय कोणत्याही गुणोत्तरावर विश्वास ठेवू नये. प्रकल्प व्यवस्थापन, बैठका, देखरेख अशी ‘लेव्हल ऑफ एफर्ट’ प्रकारची कामे तुम्ही त्यात मिसळली आहेत का? अशा कामांची ईव्ही काळ सरेल तशी पीव्हीइतकीच धरली जाते. म्हणून ती कधीच मागे पडत नाहीत आणि इतर कामांची पिछाडी झाकतात. दुसरे असे की, चालू वर्क पॅकेजची (कामाच्या स्वतंत्रपणे मोजल्या जाणाऱ्या तुकड्याची) टक्केवारी काम करणाऱ्याला विचारून भरली जात असेल, तर नव्वद टक्क्यांवर आठवडेच्या आठवडे अडकलेली पॅकेजे हमखास सापडतील. लहान पॅकेजला काम सुरू होताच अर्धे आणि पूर्ण झाल्यावर उरलेले अर्धे श्रेय देण्याचा नियम भाबडा वाटतो, पण त्यात अंदाजपंचेपणाला वाव राहत नाही.

प्रश्नकर्ता

दोन्ही गोष्टी तपासल्या. सहाव्या महिन्याची पीव्ही नेमकी ४,२०० च आहे. देखरेखीच्या कामासाठी दरमहा १०० तास धरलेले आहेत. ते वगळल्यावर आठव्या महिन्याची ईव्ही ४,२०० उरते, आणि सातव्या महिन्याअखेरची पीव्हीही, तेच तास वगळून, बरोबर ४,२०० आहे. म्हणजे आम्ही पूर्ण एक महिना मागे आहोत. शिवाय माहिती शुद्धीकरणाचे ४०० तासांचे एक पॅकेज तीन आठवडे ‘९० टक्के पूर्ण’ म्हणून नोंदले जात आहे. नियोजनाप्रमाणे ते सातव्या महिन्यातच संपायला हवे होते. त्याला अर्धेच श्रेय दिले तर ईव्ही आणखी १६० तासांनी घटते. यापुढच्या अहवालात हाच नियम लावावा का?

उत्तर २

चालू असलेल्या पॅकेजचा मोजणीचा नियम मध्येच बदलू नका, कारण पीव्हीही त्याच नियमाने मांडलेली असावी लागते. नाहीतर मागील महिन्यांशी तुलनाच होऊ शकणार नाही. जी पॅकेजे अजून सुरू झालेली नाहीत, त्यांना नवा नियम लावा आणि बेसलाइनमध्ये तशी नोंद करा. शुद्धीकरणाच्या पॅकेजबाबत मात्र उरलेल्या दहा टक्क्यांत नेमक्या कोणत्या सारण्या राहिल्या आहेत, याची यादी मागवा. ती यादी एका दिवसात आली नाही, तर ९० हा आकडा मोजलेला नाही असे समजा. आणखी एक खर्च धरायचा राहिला आहे: मुदत एक महिन्याने वाढली तर देखरेखीचे १०० तासही वाढतील, आणि ते ६,००० मध्ये कुठेच नाहीत.

उत्तर ३

एक पुरवणी. अर्जित मूल्याला क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्प संपण्याची तारीख ठरवणारी कामांची साखळी, कळत नाही. बिनमहत्त्वाची, सोपी पॅकेजे आधी उरकली तरी ईव्ही तितकीच वाढते. तुमचे शुद्धीकरणाचे पॅकेज क्रिटिकल पाथवर असेल, तर अडकलेले ते ४० तास आकड्यांत नगण्य दिसतील आणि त्यांच्यामागे चाचणीचे सगळे काम खोळंबून राहील. वेळापत्रकाच्या जाळ्यावर त्या पॅकेजनंतर काय काय अवलंबून आहे, ते आधी पाहा. वरिष्ठांपुढे एसपीआयच्या शेजारी त्यावरून निघणारी प्रकल्प संपण्याची तारीख ठेवा.